विश्लेषण : रॅम एवढी महाग का झाली? जुन्या डेस्कटॉपसाठी आता किती, कोणती आणि कधी घ्यावी?

संगणक रखडायला लागला की दुकानदाराचा सल्ला ठरलेला असे, ‘रॅम वाढवून घ्या.’ सल्ला पटायचाही, कारण खर्च खिशाला झेपणारा होता. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ८ जीबीची डीडीआर४ रॅम दोनेक हजार रुपयांच्या आसपास मिळत असे. त्यामुळे गरज असो वा नसो, ‘असू द्या थोडी जास्त’ म्हणून १६ ऐवजी ३२ जीबी टाकून घेणारेही कमी नव्हते.

२०२५ च्या अखेरीस हे गणित उलटे झाले. जगभर रॅमचे भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले, काही प्रकारांत त्याहूनही जास्त वाढले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी टिकेल याची खात्री राहिली नाही. नेमक्या त्याच काळात विंडोज १० चा मोफत आधार संपल्याने लाखो जुन्या डेस्कटॉपवाल्यांपुढे ‘संगणक सुधारावा की बदलावा’ हा प्रश्न उभा राहिला. भाव का चढले आणि या महागाईत डेस्कटॉपसाठी रॅम निवडताना काय पाहावे, हे समजून घेऊ.

नेमके काय घडले?

संगणकात जी रॅम बसते तिच्यावरच्या चिपना डीरॅम म्हणतात. रॅमच्या पाकिटावर नाव कोणत्याही कंपनीचे असले तरी आतल्या चिप बहुतेक वेळा तीनच कंपन्यांच्या असतात : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. जगातील ९० टक्क्यांहून अधिक डीरॅम बाजार या तिघींच्या हातात आहे.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘चॅटजीपीटी’वाल्या ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी इरादापत्रांवर सह्या केल्या. ओपनएआयच्या ‘स्टारगेट’ या महाप्रकल्पासाठी दरमहा ९ लाख वेफरपर्यंत डीरॅम लागेल, असा आकडा त्या वेळी पुढे आला. वेफर म्हणजे सिलिकॉनची ती गोल तबकडी, जिच्यातून शेकडो चिप कापून निघतात. हा पक्का खरेदी आदेश नव्हता. पण एकच ग्राहक एवढी मागणी करू शकतो म्हटल्यावर बाकीच्या बड्या ग्राहकांनीही साठ्यासाठी धावाधाव सुरू केली.

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने त्याहून बोलकी घोषणा केली. ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा २९ वर्षांचा व्यवसाय कंपनी बंद करणार असल्याचे तिने जाहीर केले. कारणही उघड सांगितले : एआय डेटा सेंटरची मागणी एवढी वाढली आहे की माल त्या मोठ्या ग्राहकांकडे वळवायचा आहे. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी कायम राहील, असेही कंपनीने सांगितले. त्याच आठवड्यात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या निर्मात्यांनीही मेमरी महागल्याचे सांगत किमती वाढवल्या.

एआयचा आणि घरच्या रॅमचा संबंध काय?

एआयची मोठी प्रारूपे चालवणाऱ्या प्रोसेसरना साधी रॅम पुरत नाही. त्यांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. हिच्यात डीरॅमचे अनेक थर एकावर एक रचून ते प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसवलेले असतात. त्यामुळे माहितीची ये-जा प्रचंड वेगाने होते.

अडचण अशी की एचबीएम आणि घरची डीडीआर५ रॅम यांची सुरुवात एकाच कारखान्यात, एकाच प्रकारच्या वेफरपासून होते. तेवढ्याच जीबीची मेमरी बनवायला एचबीएमला डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर लागतात, असे मायक्रॉननेच गुंतवणूकदारांना सांगितले आहे. म्हणजे एचबीएमचा एक जीबी बनवला की घरगुती रॅमचे सुमारे तीन जीबी बाजारातून कमी होतात. नफा मात्र एचबीएममध्ये कितीतरी जास्त. कोणती कंपनी कोणता माल आधी बनवेल, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय डेटा सेंटरमधल्या सर्व्हरना एचबीएमबरोबर साधी डीडीआर५ रॅमही भरपूर लागते. एका सर्व्हरमध्ये शेकडो जीबी रॅम असणे आता नवलाचे राहिलेले नाही. एकीकडे वेफर कमी आणि दुसरीकडे उरलेल्या मालावरही मोठ्या ग्राहकांचा हक्क, अशा कात्रीत किरकोळ ग्राहक सापडला आहे.

मग कंपन्या उत्पादन का वाढवत नाहीत?

वाढवत आहेत, पण चिपचा कारखाना वर्षभरात उभा राहत नाही. बांधकाम, यंत्रे, चाचण्या हे सगळे धरून दोन-तीन वर्षे सहज जातात. मायक्रॉनच्या अमेरिकेतील आयडाहोमधल्या नव्या कारखान्यातून पहिले उत्पादन २०२७ मध्ये अपेक्षित आहे.

दुसरे कारण म्हणजे ताकाला फुंकर. करोनाकाळात घरून काम आणि ऑनलाइन शाळांमुळे संगणकांची मागणी उसळली होती. ती ओसरल्यावर रॅमचे ढीग पडून राहिले. २०२३ मध्ये सॅमसंगच्या चिप विभागाला सुमारे १५ लाख कोटी वोनचा तोटा झाला. एसके हायनिक्सलाही त्या वर्षी मोठा तोटा सोसावा लागला. ग्राहक ज्या काळाला ‘रॅम स्वस्त होती तो काळ’ म्हणून आठवतात, तो या कंपन्यांसाठी तोट्याचा काळ होता. एआयची मागणी उद्या ओसरली तर पुन्हा तीच वेळ येईल, या भीतीने त्या सावधपणे पावले टाकत आहेत.

ही कृत्रिम टंचाई तर नाही?

शंका अगदीच निराधार नाही, कारण या धंद्याचा इतिहास तसा आहे. साधारण १९९९ ते २००२ या काळात डीरॅम कंपन्यांनी संगनमत करून भाव ठरवल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाच्या तपासात उघड झाले होते. त्यात सॅमसंगला ३० कोटी डॉलर, हायनिक्सला १८.५ कोटी डॉलर आणि जर्मनीच्या इन्फिनिऑनला १६ कोटी डॉलर दंड झाला. मायक्रॉनने तपासाला सहकार्य केल्याने ती दंडातून सुटली.

या वेळची मागणी मात्र खरी आहे आणि ती डोळ्यांना दिसते. डेटा सेंटर उभी राहत आहेत, त्यांची कंत्राटे जाहीर होत आहेत. मोजके उत्पादक असलेल्या बाजारात एवढा धक्काही पुरतो. १९९३ मध्ये जपानमधील सुमितोमोच्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला तेव्हा चिपच्या आवरणासाठी लागणाऱ्या राळेचा पुरवठा अडला आणि जगभर रॅम महागली. २०१३ मध्ये चीनमधील वूशी येथे हायनिक्सच्या कारखान्याला आग लागल्यावरही तेच झाले. त्या वेळी कारण अपघाताचे होते, आज ते मागणीचे आहे. अपघातानंतर कारखाना दुरुस्त होतो आणि भाव उतरतात. मागणी केव्हा थंडावेल, याचे वेळापत्रक कोणाकडे नाही.

डीडीआर४ तर जुनी झाली, मग ती तरी स्वस्त का नाही?

जुना माल स्वस्त, हा नियम इथे चालत नाही. डीडीआर४ बनवण्यात आता फार नफा नसल्याने कंपन्यांनी २०२५ मध्ये तिचे उत्पादन आवरते घ्यायचे ठरवले. पण डीडीआर४ वापरणारे कोट्यवधी संगणक, राउटर आणि यंत्रे अजून चालू आहेत. पुरवठा आटतोय म्हटल्यावर खरेदीदारांनी साठा केला आणि २०२५ च्या मध्यात घाऊक बाजारात काही डीडीआर४ चिप त्याच क्षमतेच्या डीडीआर५ पेक्षाही महाग विकल्या गेल्या. नंतर डीडीआर५ चे भाव भडकल्यावर ‘आहे त्या बोर्डवर डीडीआर४ च वाढवू’ म्हणणाऱ्यांची भर पडली. त्यामुळे दोन्हींचे भाव चढेच राहिले.

साणंदच्या प्रकल्पामुळे भारतात रॅम स्वस्त होईल का?

गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला. एकूण गुंतवणूक २७५ कोटी डॉलरची. त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा आणि २० टक्के गुजरात सरकारचा. साहजिकच समाजमाध्यमांवर प्रश्न विचारला जातो की चिप इथेच होणार, तर रॅम स्वस्त का नाही?

साणंदमध्ये होते ते चिपचे जोडकाम आणि तपासणी. वेफर बाहेरच्या कारखान्यातून येतात. टंचाई आहे ती वेफरची. शिवाय रॅमचा भाव जागतिक बाजारात डॉलरमध्ये ठरतो. डिसेंबर २०२५ मध्ये रुपयाने डॉलरमागे नव्वदीची पातळी ओलांडली, त्याचाही भार किमतीवर पडला. वर १८ टक्के जीएसटी आहेच. त्यामुळे साणंदचे महत्त्व रोजगार आणि उद्योगाच्या दृष्टीने मोठे असले तरी दुकानातल्या भावावर त्याचा लगेच परिणाम होण्याचे कारण नाही.

आपल्याला रॅम खरेच हवी आहे का, हे कसे ओळखावे?

रॅम स्वस्त होती तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. आता तोच पहिला प्रश्न आहे. उत्तर शोधायला पैसे लागत नाहीत.

रोजची सगळी कामे चालू ठेवावीत. म्हणजे ब्राउझरचे नेहमीचे टॅब, एक्सेल, टॅली, व्हॉट्सॲप, जे काही असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर क्लिक करावे. तिथे तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, ‘इन यूज’. हा आकडा कामाच्या भरात सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम अपुरी पडते आहे. ‘कॅश्ड’ म्हणून दिसणारा भाग मात्र मोजू नये. रिकामी रॅम विंडोज वेग वाढवण्यासाठी तात्पुरती वापरते आणि गरज पडताच सोडते.

दुसरी, ‘कमिटेड’. इथे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा प्रत्यक्ष रॅमपेक्षा बराच मोठा असेल आणि त्याच वेळी डिस्कही शंभर टक्क्यांजवळ खडखडत असेल, तर जागा अपुरी पडल्याने विंडोज डिस्कचाच रॅमसारखा वापर करत आहे. खिडकी बदलताना संगणक दहा सेकंद अडकतो तो यामुळे.

तिसरी, ‘स्लॉट्स यूज्ड’. चारपैकी दोन किंवा दोनपैकी एक अशी नोंद असेल तर जुनी रॅम न काढता नवी टाकता येईल.

रॅम निम्मीच वापरात असूनही संगणक संथ असेल, तर दुखणे दुसरीकडे आहे. बहुतेक जुन्या डेस्कटॉपमध्ये ते जुन्या हार्ड डिस्कमध्ये असते. विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवरून चालत असेल, तर तिथे साधी साटा एसएसडी लावल्याने जो फरक पडतो तो रॅम दुप्पट करूनही पडणार नाही. एसएसडीचे भावही वाढले आहेत, पण लहान क्षमतेची एसएसडी विंडोजपुरती घेऊन जुनी डिस्क साठवणीसाठी ठेवता येते. संगणक सुरू होताच आपोआप उघडणारी नको ती ॲप बंद करणे आणि ब्राउझरमधील ‘मेमरी सेव्हर’ चालू करणे हे फुकटचे उपायही आधी करून पाहावेत.

किती जीबी पुरेत?

४ जीबीवर विंडोज ११ सुरू होते, पण काम होत नाही. विंडोज ३२ बिटचे असेल तर रॅम कितीही टाकली तरी ते ४ जीबीच्या पुढे वापरतच नाही. तिथे आधी ६४ बिट विंडोज टाकावे लागते.

पत्रे टाइप करणे, टॅली, ऑनलाइन अर्ज, व्हिडिओ पाहणे, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी ८ जीबी आजही चालते. टॅब उघडे ठेवण्याची सवय थोडी आवरावी लागते. कार्यालयीन कामाबरोबर व्हिडिओ कॉल, मोठ्या एक्सेल फाइल, डीटीपी, थोडे फोटोशॉप, नेहमीचे गेम यासाठी १६ जीबी हा आजचा योग्य मुक्काम आहे.

३२ जीबीची गरज व्हिडिओ संपादन, मोठ्या फोटोफाइल, एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणे किंवा जड प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना पडते. ६४ जीबी आणि त्यापुढचा विचार त्रिमिती ॲनिमेशन किंवा एआयची प्रारूपे स्वतःच्या संगणकावर चालवणाऱ्यांनी करावा.

‘पुढे लागेल’ म्हणून दुप्पट रॅम घेण्याचा सल्ला स्वस्ताईच्या काळात ठीक होता. आज रिकाम्या राहणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे चढ्या भावाने मोजावे लागतात. स्लॉट मोकळा ठेवून पुरेशी रॅम घेतली, तर भाव उतरल्यावर भर घालता येते.

कोणती रॅम आपल्या संगणकात बसेल?

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावून बसवू गेल्यास स्लॉट मोडतो. साधारण हिशेब असा :

- इंटेलची चौथी पिढी आणि त्याआधी : डीडीआर३.
- इंटेलची सहावी ते अकरावी पिढी : बहुतांशी डीडीआर४.
- इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी : मदरबोर्डनुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५. एका बोर्डवर एकच प्रकार.
- इंटेल कोअर अल्ट्रा २०० मालिका : डेस्कटॉपमध्ये फक्त डीडीआर५.
- एएमडी एएम४ सॉकेट, म्हणजे रायझन १००० ते ५००० : डीडीआर४.
- एएमडी एएम५ सॉकेट, म्हणजे रायझन ७००० आणि पुढे : फक्त डीडीआर५.

खात्रीसाठी सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर बोर्डचे नाव आणि बसवलेल्या रॅमचा प्रकार सांगते. त्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर गेले की बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो हेही कळते. उदाहरणार्थ, अनेक घरांत आणि सायबर कॅफेत अजून दिसणारे एच६१ आणि एच८१ बोर्ड १६ जीबीच्या पुढे जात नाहीत.

डीडीआर४ वाल्याने केवळ नवी म्हणून डीडीआर५ घ्यायची तर बोर्ड बदलावा लागतो आणि अनेकदा प्रोसेसरही. बाराव्या ते चौदाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर उलट फायदा आहे. बोर्ड बिघडला तरी डीडीआर४ चा बोर्ड शोधून जुनी रॅम तशीच वापरता येते. आज ती जुनी रॅमच संगणकातली मोलाची वस्तू झाली आहे.

एक मोठी रॅम की दोन लहान?

डेस्कटॉप प्रोसेसर सहसा रॅमशी दोन वाटांनी बोलतो. याला ड्युअल चॅनल म्हणतात. एकच १६ जीबीची स्टिक लावली तर एक वाट बंद राहते. ८-८ च्या दोन लावल्या तर दोन्ही चालू होतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक ठळक दिसतो, कारण तिथे चित्रासाठीही रॅमच वापरली जाते.

चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. शेजारी-शेजारी लावल्या तर एकच वाट चालू राहू शकते. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की वेग उतरतो, म्हणून तिथे दोनच स्टिक ठेवणे बरे.

जुन्या ८ जीबीशेजारी नवी ८ जीबी लावायची असेल तर प्रकार एकच हवा. वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगावर चालतात. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे जुन्या स्टिकवरच्या लेबलचा फोटो काढून दुकानदाराला दाखवणे आणि जुळली नाही तर बदलून मिळेल, हे बिलावर लिहून घेणे.

वेगासाठी जास्त पैसे मोजावेत का?

पाकिटावर ३२००, ५६००, ६००० असे आकडे असतात. सोबत ‘सीएल’ असतो. पहिला आकडा माहिती किती वेगाने वाहते हे सांगतो, दुसरा मागणी केल्यापासून ती यायला किती फेऱ्या थांबावे लागते हे. दोन्ही मिळून पाहावे लागतात. ३२०० ची सीएल १६ असलेली डीडीआर४ सुमारे १० नॅनोसेकंदांत उत्तर देते. ५६०० ची सीएल ४६ असलेली साधी डीडीआर५ सुमारे १६ नॅनोसेकंद घेते, पण एकदा सुरू झाली की जास्त माहिती वाहून नेते. त्यामुळे पत्रव्यवहार आणि हिशेब करणाऱ्याला दोन्हींतला फरक जाणवणारही नाही.

प्रोसेसर आणि बोर्डची मर्यादाही असते. दहाव्या पिढीच्या आय५-१०४०० साठी इंटेलने २६६६ चा वेग ठरवून दिला आहे. तशा साध्या बोर्डवर ३६०० ची रॅम लावली तरी ती खालच्या वेगावरच चालते. उलट, ६००० ची डीडीआर५ घेऊनही बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय चालू केला नाही, तर ती कमी वेगावर चालत राहते आणि वेगासाठी मोजलेले पैसे वाया जातात. चमकणारे दिवे आणि जाड धातूच्या पट्ट्यांनी रोजच्या कामात वेग वाढत नाही. तो खर्च आधी वगळावा.

विंडोज १० चे काय करायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर व टीपीएम २.० ही अट घातली आहे.

म्हणून रॅमसाठी पैसे काढण्याआधी प्रोसेसर कोणता, हे पाहावे. आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल तर त्या संगणकात डीडीआर४ वाढवणे हा शहाणपणाचा खर्च आहे. तो आणखी काही वर्षे काम देईल. चौथ्या पिढीच्या डीडीआर३ संगणकात मात्र नव्या रॅमचे पूर्ण पैसे ओतू नयेत. तिथे वापरलेली स्वस्त रॅम, एसएसडी आणि उबुंटू किंवा मिंटसारखे मोफत लिनक्स या मार्गाने अभ्यास आणि इंटरनेटपुरता संगणक जिवंत ठेवता येतो.

वापरलेली रॅम घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही. रॅममध्ये फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती पंख्यासारखी किंवा हार्ड डिस्कसारखी झिजत नाही. कार्यालये संगणक बदलतात तेव्हा त्यांतून निघालेल्या रॅम बाजारात येतात आणि त्या बऱ्याचदा चांगल्या असतात. पण भाव चढले की नकली मालही येतो. लेबल बदललेली, कमी वेगाची किंवा सदोष चिपची रॅम हातात पडू शकते.

घेताना तीन सापळे टाळावेत. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्त दिसते, पण साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती फक्त काही मिनी डेस्कटॉपमध्ये बसते. आणि डीडीआर३ मध्ये काही स्टिक केवळ एएमडीच्या बोर्डवर चालतात, इंटेलवर नाही.

घरी आल्यावर मेमटेस्ट८६ हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावे. एकही चूक दाखवली तर रॅम परत करावी. अधूनमधून निळा पडदा दिसणे किंवा फाइल खराब होणे याचे मूळ बऱ्याचदा अशा रॅममध्ये असते. बसवण्यापूर्वी वीज काढून, पॉवरचे बटण एकदा दाबून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. त्या वेळी बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, म्हणून घाबरून वीज बंद करू नये.

आता घ्यावी की थांबावे?

संगणकावर पोट अवलंबून असेल आणि टास्क मॅनेजर रॅम अपुरी असल्याचे दाखवत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. डीटीपीवाल्याचा किंवा कर सल्लागाराचा रोज अर्धा तास वाया जात असेल, तर त्याची किंमत वाढीव भावापेक्षा लवकरच जास्त होते. अशाने गरजेपुरती, बोर्डला जुळणारी, साध्या वेगाची रॅम पक्क्या बिलावर घ्यावी.

काम चालते आहे, फक्त आणखी बरे चालावे अशी इच्छा आहे, त्याने आधी फुकटचे उपाय आणि हार्ड डिस्क असेल तर एसएसडी एवढ्यावर भागवावे. पुढच्या दिवाळीपर्यंत भाव नक्की उतरतील या भरवशावर मात्र कोणी राहू नये. नवे कारखाने सुरू व्हायला वेळ आहे आणि त्यांचा मालही आधी डेटा सेंटरकडे जाण्याची शक्यता आहे.

नवा डेस्कटॉप असेंबल करून घेणाऱ्याने जुन्या संगणकातली रॅम भंगारात किंवा ‘एक्स्चेंज’मध्ये देण्याआधी तिचा बाजारभाव विचारावा. वर्षभरापूर्वी कपाटात टाकून दिलेली ८ जीबीची स्टिक आज घरातल्या दुसऱ्या संगणकाला उपयोगी पडू शकते, किंवा चांगल्या किमतीला विकली जाऊ शकते.